नेहमीचाच पासवर्ड

दादांच्या पंचाहत्तरीचा केक कापून झाला होता, सुरी अजून दादांच्या हातातच होती, आणि नेमक्या त्याच वेळी काकांनी जाहीर केलं, "माझ्याकडे लेखी पुरावा आहे."

ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्याशी वाद घालू नये, एवढं तारतम्य एरवी काकांना होतं. पण विषय आईचा होता. दादा आणि काका सख्खे भाऊ. त्यांची आई जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि शेवटचं वर्षभर ती दादांच्या घरी अंथरुणावर होती. केक कापला जात असताना कोणीतरी तिचा जुना फोटो बाहेर काढला. काकांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "थोडे दिवस आमच्याकडे पाठवलं असतंत सासूबाईंना, तर माझ्याही हातून काही झालं असतं." हे वाक्य काकू गेली दहा वर्षं प्रत्येक समारंभात म्हणत होत्या, आणि दादांच्या पत्नी, वहिनी, ते प्रत्येक समारंभात ऐकून घेत होत्या. त्या दिवशी मात्र वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली.

"नको म्हणून कोणी कळवलं होतं, ते एकदा घरी विचारा," वहिनी म्हणाल्या.

"जाऊ दे ना," दादा म्हणाले.

"काय जाऊ दे?" काका उभे राहिले. "मी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. 'आईंना इकडे पाठवावे.' शब्द न् शब्द आठवतो मला. ईमेल केला होता. तुम्ही पाठवलं नाहीत." आणि मग ते पुराव्याचं वाक्य.

"असं?" दादा म्हणाले. "मग दाखव."

"छापून आणून देतो. दोन प्रतींत."

दादांनी मान डोलावली आणि केकचे तुकडे करायला घेतले. काकांच्या वाट्याला कोपऱ्यातला तुकडा आला. तो त्यांनी तत्त्व म्हणून खाल्ला नाही. घरी पोचेपर्यंत त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला होता, पण ते वेगळं.

काका पाणीपुरवठा कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी पत्रव्यवहार सांभाळला. एवढी वर्षं एकच भाषा लिहिल्यावर ती माणसाच्या अंगात भिनते. काका भाजीवाल्याशीसुद्धा "उपरोक्त वांगी" असं बोलत. त्यामुळे इमारतीत त्यांना सगळे 'उपरोक्त काका' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, असं काकांना वाटत असे. प्रत्यक्षात लिफ्टमध्ये त्यांच्या तोंडावरच म्हणायचे, फक्त काकांना ते आदराने म्हटल्यासारखं ऐकू यायचं.

घराच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या कापडाखाली, चौदा वर्षांचा कॉम्प्युटर होता. चार वर्षांपूर्वी हातात मोबाइल आल्यापासून काकांनी त्याला हात लावला नव्हता. पण त्याच्या पोटात काकांचा सगळा खाजगी पत्रव्यवहार होता, वर्षवार लावलेला. त्यासाठी एक पत्रांचा प्रोग्राम होता. त्या प्रोग्रामला स्वतःचं कुलूप लावायची सोय होती, आणि ज्याला कुलूप लावता येतं त्याला ते लावायचंच, हा काकांचा स्वभाव. साखरेच्या डब्याला लागत नाही म्हणून तो उघडा राहिला होता, एवढंच.

काकांनी कापड काढलं, धूळ झटकली, बटण दाबलं. मशीन खोकत खोकत सुरू झालं. काकू चष्मा लावून, खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या. खरं सांगायचं तर ते पत्र काकांपेक्षा काकूंनाच जास्त हवं होतं. वहिनींच्या पुढ्यात ते ठेवायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही, असं त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवलं होतं.

पडद्यावर एक लहानशी चौकट उमटली. पासवर्ड द्या.

"हा आपोआप भरलेला असायचा," काका म्हणाले. "ठिपके ठिपके दिसायचे."

"मग भरा आता हाताने."

काकांनी बोटं कळफलकावर ठेवली. बोटं थांबली. काका छताकडे बघू लागले. काकू काकांकडे बघू लागल्या. बराच वेळ असा गेल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "आठवत नाहीये का?"

"आठवत नाही असं नाही. तूर्त उपलब्ध नाही."

मग प्रयोग सुरू झाले. काकांनी स्वतःचं नाव घातलं. काकूंचं घातलं. लग्नाची तारीख घातली, ती काकूंनी दोनदा दुरुस्त करून दिली आणि दुसऱ्यांदा थोड्या मोठ्या आवाजात. कार्यालयाचा आवक क्रमांक घातला. पाच वेळा चुकल्यावर मशीनने कळवलं की आता एक तासाने प्रयत्न करा. आणि खाली एक ओळ आली: तुम्ही स्वतः लिहून ठेवलेली सूचना पाहायची आहे का?

"बघा, मी किती दूरदृष्टीने काम करायचो," काका म्हणाले आणि त्यांनी ऐटीत 'होय' दाबलं.

सूचना आली. 'नेहमीचाच.'

काकू बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. "तुमचं नेहमीचं काय असतं हो?"

"तेच आठवत नाहीये."

"मग 'आठवत नाहीये' असंच लिहून बघा. ते नेहमीचंच आहे."

पुढच्या तासाला काकांनी तेही लिहून बघितलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. कशी झाली हे काकांना कधीच कळलं नाही. काकूंनी फक्त शेजारच्या गणिताच्या बाईंना सांगितलं होतं, आणि तेही कोणाला सांगू नका म्हणून. लिफ्टमध्ये माणसं "काही फरक?" असं विचारू लागली, जसं घरात कोणी आजारी असल्यावर विचारतात. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले मुद्दाम घरी आले. त्यांच्या काखेत एक काळी डायरी होती.

"पासवर्ड हा लिहून ठेवायचा असतो," ते म्हणाले. "माझे एकोणचाळीस पासवर्ड आहेत. सगळे यात. पण मी ते उलटे लिहितो. म्हणजे चोराला सापडली तरी उपयोग नाही."

"आणि तुम्हाला सापडली नाही तर?" काकूंनी विचारलं.

बँकवाले हसले. अशा हसण्याचा काकांना फार राग येई. ज्यांच्या आयुष्यात सगळं डायरीत असतं ती माणसं असं हसतात. जाताना ते चहाच्या टेबलावरच डायरी विसरले आणि अर्ध्या जिन्यातून धावत परत आले. काकांना त्या आठवड्यात मिळालेला तेवढाच आनंद.

गणिताच्या बाई कागद-पेन्सिल घेऊन आल्या. अक्षरं किती, आकडे किती, पासवर्ड साधारण केवढा, सगळं विचारून त्यांनी हिशेब मांडला. "तासाला पाच प्रयत्न मिळतात ना? मग सगळ्या शक्यता संपायला तुम्हाला काही अब्ज वर्षं लागतील." काकांचा चेहरा पाहून त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तो मधेच केव्हाही लागू शकतो. आपण आशा सोडायची नाही."

तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचं मत होतं की पासवर्ड विसरायचा प्रयत्न करावा, म्हणजे तो आठवेल. काकांनी दोन दिवस तो विसरायचा प्रयत्न केला. त्यात त्यांना एकदम यश आलं.

मग काकांनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एका गोड आवाजाने त्यांना पाऊण तास सांगितलं. पाऊण तासाने दुसरा आवाज आला. हा आवाज जिवंत मुलीचा होता, हे तिने मधेच जांभई दिली म्हणून कळलं.

"सर, मी तुमच्या ईमेलवर एक दुवा पाठवते. तो उघडा, नवा पासवर्ड टाका, झालं."

"पण ताई, ईमेल त्या प्रोग्राममध्ये येतो. आणि प्रोग्राम कुलपात आहे."

"हो सर. म्हणूनच दुवा पाठवते."

"तो दुवाही कुलपात जाईल."

"तर सर, कुलूप उघडून दुवा बघा."

काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं ते याच प्रकारची उत्तरं लोकांना देत आले होते, फक्त लेखी. समोरच्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं, हा अनुभव नवीन होता.

"दुसरा काही पत्ता दिला होता का सर? हां, दिसतोय. तुमच्या कार्यालयाचा आहे. तिथे पाठवू?"

कार्यालयातला पत्ता काका निवृत्त झाले त्या दिवशी, म्हणजे सात वर्षांपूर्वी बंद झाला होता. पण बंद झालेली गोष्ट अर्ज केल्यावर सुरू होते, यावर काकांची श्रद्धा होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कार्यालय गाठलं.

दारावरच्या माणसाने त्यांना "कोणाकडे?" असं विचारलं. काकांना वाटलं तो गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. त्याने त्यांच्याकडून एका वहीत नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहून घेतलं. कामाच्या स्वरूपात काकांनी 'वैयक्तिक' लिहिलं, तेव्हा तो म्हणाला की वैयक्तिक कामं जेवणाच्या सुट्टीनंतर.

जेवणाच्या सुट्टीनंतर काका आत गेले. त्यांच्या खुर्चीवर नवे मुख्य लिपिक बसले होते. या माणसाला काकांनी स्वतः शिकवलं होतं. 'तथापि' आणि 'तद्वतच' यांतला फरक कळायला त्याला तीन वर्षं लागली होती. तो अर्धवट उठला, अर्धवटच बसला आणि भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टुलाकडे त्याने हात केला. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. काकांना ते माहीत होतं, कारण लोक फार वेळ बसू नयेत म्हणून तो त्यांनीच बदलू दिला नव्हता.

"सर, तुमच्यासाठी काहीही," तो म्हणाला. "पण परिपत्रक आहे."

"कुठलं परिपत्रक?"

त्याने परिपत्रकांची नस्ती, म्हणजे फाईल, काढली. निवृत्त कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही विनंतीवरून, पुन्हा सुरू करण्यात येऊ नयेत. काकांनी वाचता वाचता मान डोलावली. वाक्यरचना उत्तम होती. पळवाट कुठेच नव्हती. खाली सही होती. ती काकांची होती.

"फार पक्कं लिहिलंय सर तुम्ही," नवे मुख्य लिपिक मनापासून म्हणाले. "आम्ही खूप वाटा शोधल्या. एकही सापडत नाही."

काका डगमगत्या स्टुलावरून उठले. बाहेर पडताना दारावरच्या माणसाने त्यांना वहीत निघायची वेळ लिहायला लावली.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं की कार्यालयात सगळ्यांनी खूप आपुलकीने विचारपूस केली. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि चहा टाकला. तेवढ्यात फोन वाजला. दादांचा होता.

"मिळालं का रे?"

"तांत्रिक अडचण आहे."

"राहू दे मग. मी तेव्हा रागात बोललो. सोडून दे तो विषय."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण काकांना त्या समजूतदार आवाजात दादांचा विजय ऐकू आला. 'सोडून दे' असं तोच म्हणतो ज्याला आपण बरोबर आहोत याची खात्री असते, असा काकांचा अनुभव होता, कारण ते स्वतः नेहमी तसं म्हणत.

"सोडणार नाही," काका म्हणाले. "प्रत छापून हातात देईन तेव्हाच थांबेन."

"बरं," दादा म्हणाले. "तुझी मर्जी."

बाजाराच्या टोकाला एक दुकान होतं. पाटीवर 'शिलाई मशीन व कॉम्प्युटर दुरुस्ती' असं लिहिलं होतं. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आधी त्या फक्त शिलाई मशीन दुरुस्त करत. मग एकदा कोणीतरी चुकून कॉम्प्युटर आणून दिला आणि तो त्यांनी चालू करून दाखवला, असं लोक सांगत. काकूंनी त्यांना विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "डबा घेऊन या."

कॉम्प्युटरचा तो डबा न्यायचा कसा, हा प्रश्न होता. तो काकांना उचलवेना आणि काकू त्यांना एकट्याने उचलू देईनात. शेवटी गणिताच्या बाईंनी नातवाची बाळगाडी दिली. काकांनी ठाम विरोध नोंदवला. मग दुसरा इलाज नाही म्हणून डबा बाळगाडीत ठेवला, धूळ लागू नये म्हणून त्यावर ते फुलाफुलांचं कापड पांघरलं आणि गाडी ढकलत दोघं भर दुपारी रस्त्याने निघाले.

रस्त्यात एक आजीबाई थांबल्या. वाकून, कौतुकाने, कापडाकडे बघत त्यांनी विचारलं, "किती महिन्यांचं?"

"चौदा वर्षांचा आहे," काका तुटक आवाजात म्हणाले.

आजीबाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं आणि काही न बोलता रस्ता ओलांडला.

दुकानात बाईंनी डबा उघडला, फुंकर मारली, दोन वायरी जोडल्या. शिलाई मशीनला तेल घालायची छोटी बुधली त्यांच्या कोपराशी होती, आणि काकांना सारखी भीती वाटत होती की त्या ती चुकून कॉम्प्युटरमध्ये ओततील. पण त्या चुकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"जुना प्रोग्राम आहे," त्या म्हणाल्या. "याचं कुलूप नुसतं दाखवायला. पासवर्ड आत त्याच फाईलमध्ये लिहिलेला असतो, थोडी अक्षरांची अदलाबदल करून. काढते."

"म्हणजे इतकी वर्षं कोणीही..." काका हबकले.

"हो. कोणीही. पण कोणाला हवं होतं?"

काकांनी विषय बदलला. "पासवर्ड निघाला की तेवढं एक पत्र शोधा. दादाला पाठवलेलं. अकरा वर्षांपूर्वीचं. विषयात 'मातोश्री' असा शब्द आहे. आणि सापडलं की लगेच दोन प्रती छापा. एक दादाला, एक आमच्या नस्तीला."

काकूंनी पर्समधून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्या ते घरूनच घेऊन आल्या होत्या, प्रत चुरगळू नये म्हणून.

पडद्यावर काही आकडे धावले आणि थांबले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, एक शिंपी आणि एक शाळेतल्या शिक्षिका. बाईंनी डोळे बारीक करून इंग्रजी अक्षरं जोडत मोठ्याने वाचलं, "अ-धी-क्ष-क... साहेब. अधीक्षकसाहेब. आणि पुढे एक."

शिंप्याने मान वर केली. काका लाल झाले.

काका अधीक्षक कधीच झाले नाहीत. सहा वेळा यादी निघाली, सहा वेळा त्यात दुसऱ्याचं नाव होतं. त्यांनी त्याबद्दल घरी कधी एक शब्द काढला नव्हता. असल्या गोष्टींना मी किंमत देत नाही, असं ते सांगत. आणि रोज सकाळी, पत्रांचं कुलूप उघडताना, ते ठिपक्यांआड स्वतःला गुपचूप बढती देत होते.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर इतकी मऊ झाली होती की काकांना ती सहन होईना. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सांगायचं नाही का कधी?" आणि त्यांनी काकांच्या बाहीवरची धूळ झटकली.

तेवढ्यात छपाईयंत्र कुरकुरलं. बाईंनी सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे केलं होतं. एक कागद बाहेर आला, मग दुसरा. काकूंनी पाकीट उघडून धरलं, पहिला कागद उचलला आणि आत घालण्याआधी सहज नजर टाकली.

विषय: मातोश्रींच्या स्थलांतराबाबत. संदर्भ: आपला कालचा दूरध्वनी. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आईंना इकडे पाठवावे असे आमच्याही मनात होते. तथापि, घरातील रंगकाम व सौ.ची नाजूक प्रकृती पाहता सद्यःस्थितीत ते सोयीचे होणार नाही. तरी पुढील सूचना मिळेपर्यंत आईंची व्यवस्था आपल्याकडेच ठेवावी, ही विनंती. कळावे.

काकूंनी ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"माझ्या प्रकृतीला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

काकांनी दुसरी प्रत हातात घेतली. 'आईंना इकडे पाठवावे' हे शब्द तिथे होते, अगदी त्यांना आठवत होते तसेच. अकरा वर्षं त्यांनी ते वाक्य मनात जपलं होतं, आणि ते वाक्य पुढेही होतं हे ते विसरले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच अर्धं आठवत होतं.

"त्या वर्षी यादी निघायची होती," काका म्हणाले. "मुलाखत होती. घरात आजारपण, माणसांची ये-जा... मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे."

"मी खोली लावून ठेवली होती," काकू म्हणाल्या. "पलंग खिडकीपाशी सरकवला होता. उशाशी घंटी ठेवली होती, हाक मारायला लागू नये म्हणून. आणि तुम्ही मला सांगितलंत, दादा पाठवायला तयार नाहीत."

"तसं मी नक्की म्हणालो होतो का, ते..."

"पुढची सूचना कधी पाठवलीत?"

काकांनी प्रत उलटून पाहिली, तर मागची बाजू कोरी होती.

बाई एकदम उठल्या, कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या आणि काही काम नसताना जोरजोरात पायडल मारू लागल्या. तो आवाज दुकानभर झाला. शिंप्याला आणि शिक्षिकेला पुढचं काही ऐकू आलं नाही. पण पुढे ऐकण्यासारखं कोणी काही बोललंच नाही.

परतताना काकू पुढे चालत होत्या. काका बाळगाडी ढकलत मागून. तिचं एक चाक कुईकुई करत होतं आणि काकांना वाटत होतं, सगळा रस्ता आपल्याकडेच बघतोय. प्रत्यक्षात कोणी बघत नव्हतं.

घरी आल्यावर काकांनी दादांना फोन लावला. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पण सवय दगा देत नाही. "दादा, पासवर्ड काही मिळत नाहीये रे. तथापि..."

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "दादा, पत्र मिळालंय. मी वाचलं. वहिनींना द्या जरा."

आणि त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काका बाहेर बसले. हातात दुसरी प्रत होती. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती त्यांनी पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दारातून आधी काहीच ऐकू येईना. मग काकूंचा आवाज आला, तुटक. मग बराच वेळ नुसतं ऐकत असल्यासारखी शांतता. मग नाक ओढल्याचा आवाज. बँकवाल्यांनी बेल वाजवून "लागला म्हणे पासवर्ड! अभिनंदन!" असं सांगितलं. काकांनी आभार मानले.

दार उघडलं तेव्हा काकूंचे डोळे सुजले होते.

"वहिनींना माहीत होतं सगळं," त्या म्हणाल्या. "मी आजारी नव्हते, हेही. तेव्हाच कोणीतरी मला बाजारात बघितलं होतं. दहा वर्षं मी त्यांना चारचौघांत टोचून बोलले आणि त्या गप्प राहिल्या, तुमची माझ्यासमोर शोभा नको म्हणून." त्या खुर्चीत बसल्या. "आणि सासूबाईंना त्यांनी पत्राचं कधी सांगितलंच नाही. सांगितलं, की तुमची बदली झालीय. खूप लांब. तिथे राहायला जागा नाही. सासूबाई रोज विचारायच्या, त्याची बदली रद्द झाली का म्हणून."

काकांनी हातातली प्रत टेबलावर पालथी ठेवली.

"मी रविवारी जातेय वहिनींकडे," काकू म्हणाल्या. "तुम्ही काय ते बघा."

रविवारपर्यंत घरात गरजेपुरतं बोलणं झालं. काकांनी त्या तीन दिवसांत माफीचे चार मसुदे केले. पहिल्यात 'दिलगिरी' होती, दुसऱ्यात 'खेद'. तिसरा फारच लांबला. चौथ्यात फक्त 'दादा' एवढाच शब्द होता आणि पुढे स्वल्पविराम. तो खिशात घालून ते काकूंच्या मागोमाग निघाले. काकू नको म्हणाल्या नाहीत. या असंही म्हणाल्या नाहीत.

दार दादांनीच उघडलं. काकू त्यांच्या बाजूने आत शिरल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या, आणि दोघी जावांचं बोलणं सुरू होताच ते दार बंद झालं. दोघं भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. काकांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला.

"काय रे," दादा म्हणाले, "झाली का बदली रद्द?"

काकांना वाटलं दादा हसतील. ते हसत नव्हते. वर्षभर रोज आईला या प्रश्नाचं उत्तर देत बसलेला माणूस तो विचारत होता, आणि त्याला ते उत्तर खरोखरच हवं होतं.

"झाली," काका म्हणाले. "आदेश निघायला उशीर झाला."

दादा वळले, आत गेले, टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला. सोफ्यावर त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रांची रास पडली होती. ती त्यांनी उचलली नाही. हाताने थोडी बाजूला सारली, एक माणूस अंग चोरून बसू शकेल एवढी.